कंसातला गदारोळ

४ जानेवारी

ताई,

'शिरसाष्टांग नमस्कार' लिहायला हात गेला होता, आवरला. आई गेल्यापासून अकरा वर्षांत तू आम्हाला एक ओळ लिहिली नाहीस, तेव्हा नमस्काराची घाई मलाही नाही. हे पत्र ऑफिसच्या कामाचं आहे, गैरसमज नको. ज्या टेबलावरून तू उठून गेलीस त्याच टेबलाचं काम आहे, म्हणून तुला विचारते.

सभागृहाचं कार्यवृत्त लिहिणाऱ्या नव्या मुलींसाठी एक पुस्तिका निघते आहे. आपल्या कामातले शब्द, त्यांचे अर्थ, ते कुठून आले, असं सगळं त्यात द्यायचंय. सचिवांनी माझ्या वाट्याला एकच शब्द दिला: गदारोळ. म्हणाले, "बाई, हा शब्द तुमच्याइतक्या वेळा कोणी लिहिला नसेल." सत्तावीस वर्षं सदस्यांची भांडणं उतरवून घेतल्यावर एवढा मान मिळाला, कमी आहे का?

अर्थाचं काही अडलं नाही. सगळे एकदम ओरडायला लागले, कोण काय बोलतंय ते कळेना, तो गदारोळ. घोडं अडलंय ते उगमापाशी. कोश उघडला तर तो माझ्याहून जास्त गोंधळलेला. मास्तर लघुलेखनाच्या वर्गात काय सांगायचे ते आठवतंय का तुला? रोळ म्हणजे आवाज, एवढं माझ्या लक्षात आहे. गदा कुठून आली असं विचारलं की ते म्हणायचे, "सभागृहात जा, सदस्यांच्या हातात दिसेल." आम्ही हसायचो आणि ते मुळीच हसायचे नाहीत. त्यांनाही ठाऊक नसावं असं आता वाटतं.

त्यांचा नियम मात्र मी पुस्तिकेत घातलाय. कंसात गदारोळ लिहिणं म्हणजे मला एकही शब्द कळला नाही अशी सही करणं. एक शब्द जरी कळला तरी तो लिहायचा, मग कंस घालायचा नाही. जोडमिनिटाबद्दलही लिहिलंय, ते इथे उतरवते, चुकलं असेल तर सांग: "प्रत्येकीची पाळी दहा मिनिटांची. पाळी संपताना पुढच्या लेखिकेने शेजारी येऊन बसावे आणि शेवटचे एक मिनिट दोघींनीही लिहावे, म्हणजे बोलण्यात फट पडत नाही. मग दोन्ही वह्या जुळवून पाहाव्यात. एकीत आहे आणि दुसरीत नाही असे आढळल्यास दोघींनी लेखी खुलासा द्यावा."

कोशात उगम सापडला नाही तर निदान आपल्या ऑफिसातला शोधावा म्हणते. हा शब्द इथे पहिल्यांदा कोणी लिहिला ते जुन्या पेन्सिलच्या वह्यांत सापडेल. त्या तळघरात आहेत. ३१ मार्चला सगळ्या लगदा करायला जाणार, छापील खंड तेवढे राहणार.

बाबा बरे आहेत. एक्क्याऐंशी पूर्ण. कानांनी कायमचा संप पुकारलाय, त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलावं लागतं. यंदाचाही अर्ज त्यांनी टाकला. उत्तरही तेच आलं: 'कार्यवृत्तात आपल्या म्हणण्यास आधार आढळत नाही.' ते त्यांनी फाइलला लावलं आणि मला म्हणाले, "पुढच्या वर्षी कागद जरा चांगला आण."

तुझी
धाकटी


१९ जानेवारी

ताई,

तुझं उत्तर आलं नाही ते बरंच झालं. आलं असतं तर मी खूश होऊन बसले असते.

तळघरात मी नऊ दिवस काढले. मास्तर आपल्या टेबलावर येण्याआधीचे कारकून फार सज्जन होते गं. एकानं लिहिलंय, 'येथे फार गडबड झाली.' दुसऱ्यानं, 'आरडाओरडा अनावर झाल्याने लेखणी खाली ठेवली.' पहिला गदारोळ मास्तरांच्याच हातचा सापडला, बाजाराच्या जागेवरून झालेल्या सभेतला. कंस इतके हळू काढलेत की ते लिहिताना त्यांना लाज वाटत होती हे दिसतं. माझं काम तिथेच संपलं होतं. वह्या बांधून वर यायला हवं होतं.

पण मी आपली वही काढली. धरणाच्या सभेची, तुझ्या पाळीची.

तुला आठवण करून देते, कारण तू विसरल्यासारखी राहिलीस. धरण काठोकाठ भरलेलं. बाबा दरवाजावर होते. फोन आला, दोन्ही दरवाजे पूर्ण उघड. त्यांनी उघडले. खालच्या वस्तीत पाणी शिरलं आणि एक म्हातारा-म्हातारी घरातल्या घरात गेली. पाणीखात्याचे मोठे साहेब म्हणाले, मी फोन केलाच नाही. बाबांच्या शब्दाला साक्षीदार कोण? ते, आणि एक काळा फोन. पुढे चौकशीत दोष बाबांवर आला आणि नोकरी गेली.

त्या सभेला बाबा गॅलरीत पहिल्या रांगेत बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. एवढं आभाळ कोसळलेलं, पण मी पाळी घ्यायला तुझ्या शेजारी येऊन बसले तेव्हा त्यांनी आपल्याकडे बघून हात केला. दोन्ही मुली एका टेबलावर बसलेल्या त्यांनी पहिल्यांदाच पाहिल्या ना! तो हात मला अजून दिसतो.

छापील खंडात त्या मिनिटाला एकच शब्द आहे, (गदारोळ). तो मी शंभरदा वाचलाय. पण तुझ्या वहीत त्या शब्दाच्या आधी एक पूर्ण वाक्य आहे. मास्तरांच्या खुणांत, तुझ्या त्या सुबक बारीक पेन्सिलीत, एकही खूण न चुकता. नाव मोठ्या साहेबांचं. वाक्य असं:

"हो, मीच सांगितलं उघडायला! काय करायचं ते करा!"

त्यावर एक आडवी रेघ मारलीस आणि पुढे कंस काढलेस.

साहेबांचा बाक आपल्या टेबलाला लागून होता. बाकी चाळीस जण ओरडत होते, त्यामुळे दुसऱ्या कोणाला ते ऐकू येणं शक्य नव्हतं. तुला आलं. तू लिहिलंस. आणि खोडलंस. आपल्या बापाच्या निर्दोष असण्याचा जगातला एकमेव पुरावा तुझ्या पेन्सिलीच्या टोकाला होता, आणि तू त्यावर रेघ मारलीस.

मी तळघरातच खाली बसले. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते आजवर मी दुसऱ्यांच्या घरांबद्दल म्हणत आले.

मी


२ फेब्रुवारी

मागचं पत्र रजिस्टर केलं होतं. पोचपावतीवर तुझी सही आलीय. सही अजून तशीच करतेस, शेवटी शेपटी काढून. म्हणजे पत्र मिळालं, वाचलं, आणि मूग गिळून गप्प बसलीस.

आता नीट ऐक. सोबत दोन कोरे फॉर्म आहेत, शुद्धिपत्राचे. एक वापरायला, एक चुकलाच तर. छापलेलं कार्यवृत्त बदलता येत नाही, पण त्या मिनिटाला ज्या दोघी टेबलावर होत्या त्यांनी सही केली तर शुद्धिपत्र खंडाला जोडतात. त्यासाठी मूळ वही हजर लागते. वही ३१ मार्चपर्यंतच आहे. मास्तरांच्या खुणा वाचणाऱ्या आता जगात आपण दोघीच, तेव्हा दुसऱ्या कोणाची सही चालणार नाही. वाक्य मी लिहिलंय. 'वगळण्याचे कारण' हा रकाना तुझ्यासाठी रिकामा ठेवलाय.

काय लिहिणार आहेस तिथे, मला खरंच बघायचंय. साहेबांनी तुला काय दिलं होतं? सभेनंतर चार महिन्यांत तू दूरच्या शहरात शिकवायला गेलीस. आम्हाला सांगितलंस, तिथे बरं काम मिळालं. मी लोकांना सांगत राहिले, ताईला बाबांची लाज वाटली, ती तोंड लपवून गेली. मी तुला वाईट समजत होते, पण किती ते कमीच समजत होते. केसाने गळा कापायचा तर माणूस निदान परका असावा.

साहेब जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या नावाची बाग आहे. बाबा रोज तिथे फिरायला जातात आणि पाय दुखले तरी बाकावर बसत नाहीत. उभ्यानं दम खातात. मी एकदा पाटीवर लिहिलं, बसा की. म्हणाले, "त्याच्या घरी नको."

माझं म्हणशील, तर मी तेव्हा नुकती येऊन बसले होते. मला काही ऐकू आलं नाही. आलं असतं तर मी लिहिलं असतं.

सही कर आणि पाठव. बाकी काही नको.


२४ फेब्रुवारी

ताई,

तीन आठवडे झाले. रोज पोस्टमनला मी इतकं विचारते की तो आता मला बघितलं की लांबूनच मान हलवतो.

इकडे एक घोटाळा झालाय. शुद्धिपत्राचा कच्चा कागद मी टेबलावर विसरले आणि बाबांनी भिंग लावून तो वाचला. मी ऑफिसातून आले तर ते दारातच उभे. म्हणाले, "हे त्याचं वाक्य?" मी मान हलवली. "सभेत बोलला?" मान हलवली. त्यांनी कोणाच्या वहीत मिळालं असं विचारलं, तेव्हा मी पाटी शोधत बसले. खोटं सांगायला वेळ हवा होता. शेवटी लिहिलं, जुन्या वहीत. त्यांनी पुढे विचारलं नाही. संध्याकाळी शेजारच्या निवृत्त गुरुजींना ओरडून सांगत होते, "मिळालं हो! सव्वीस वर्षांनी मिळालं!" त्यांना वाटतं ते हळू बोलतात. सगळ्या जिन्याला कळलं. पेटीतून तो सभेचा शर्ट काढून धुवायला टाकलाय.

म्हणजे आता माझ्याही परतीची वाट बंद.

आणखी एक. तुझी वही मी काढली, पण त्याच गठ्ठ्यात तिच्याखाली माझी होती. ती मी उघडली नव्हती. महिनाभर रोज ती हातानं बाजूला सारत होते. चोराच्या मनात चांदणं. आज उघडली.

माझ्या वहीत जोडमिनिट कोरं आहे. तारीख आहे, वेळ आहे, एक पेन्सिलचा ठिपका आहे. आणि शेवटी (गदारोळ). तो मी कसा लिहिला ते मला ठाऊक होतं, ताई. तेव्हाही होतं. मी मान वर केली होती. खाली बघितलं तर मिनिट सरत आलेलं आणि पान रिकामं. मी तुझ्या वहीत डोकावले, शेवटचा शब्द दिसला, तो उचलला. त्याआधीची रेघ मला दिसली नाही. वह्या जुळवताना मी जुळवल्याच नाहीत, 'जुळवून पाहिले' म्हणून खाली सही ठोकली. तू कधी चुकत नाहीस म्हणून.

इतकी वर्षं मी नव्या मुलींना सांगतेय, दुसरीच्या वहीत डोकावायचं नाही.

हे मी मागच्या पत्रात लिहिलं नाही. आता लिहिलं. पण म्हणून तू सुटत नाहीस. मला ऐकू आलं नव्हतं. तुला आलं होतं.

मी मान वर का केली ते विचारू नकोस.

धाकटी


१२ मार्च

ताई,

पाकीट आलं. ऑफिसच्या कात्रीनं सरळ कापलं.

मी दोन कोरे फॉर्म पाठवले होते, तू दोन्ही भरून, दोन्हींवर सही करून पाठवलेस. एकावर कारण: 'माझा निष्काळजीपणा.' दुसऱ्यावर: 'सोबतच्या लेखिकेने वर पाहिल्याने तिच्या वहीत वाक्य आले नव्हते. वह्या जुळल्या नसत्या. त्या वेळी ती कायम झालेली नव्हती आणि तिला आधीच दोन मेमो मिळाले होते. तिची नोकरी जाऊ नये म्हणून मी वाक्य खोडले.' आणि सोबत चिठ्ठी. अकरा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं ते असं:

"कोणता द्यायचा ते तू ठरव. तेव्हा तुला विचारायला वेळ नव्हता. तुझी पेन्सिल थांबलेली दिसली आणि माझा हात आपोआप चालला. मला वाटलं, इतकं मोठ्यानं खरं बोललेला माणूस चौकशीत पुन्हा बोलेलच. तो बोलला नाही. तोवर कार्यवृत्त मंजूर झालं होतं. मग तोंड उघडायचं तर दोघींनी खोटं लिहिलं असं सांगावं लागलं असतं, आणि घरात आपल्या दोघींचेच पगार उरले होते तेही गेले असते. बाबांसमोर जेवायला बसता येईना, म्हणून गेले. साहेबांनी मला काही दिलं नाही. तू वर कुणाकडे बघत होतीस तेही मला दिसलं होतं. ते मी कुठल्याच फॉर्मवर लिहिलेलं नाही."

वाचून मी काय केलं सांगू? भांडी घासली. सगळी, स्वच्छ होती तीसुद्धा. मग पुन्हा वाचलं आणि रडले, आणि मग मला इतका राग आला की चिठ्ठी चुरगळली. ती आता इस्त्री केल्यासारखी सरळ करून समोर ठेवलीय.

माझ्यासाठी केलंस. बरं. मग मला का सांगितलं नाहीस? बापाचं नाव आणि माझी नोकरी तू दोन पारड्यांत टाकलीस, तराजू धरलास आणि मला कळूही दिलं नाहीस. नोकरी गेली असती तर गेली असती. मी शिकवण्या केल्या असत्या, पाकिटं चिकटवली असती. तू मला विचारलं असतंस तर मी काय म्हटलं असतं ते मला माहीत नाही, आणि ते आता कधीच कळणार नाही, हे मला सर्वांत जास्त लागलंय. मी पंचवीस वर्षं तुला शिव्या दिल्या आणि तू त्या दिल्या तशा घेतल्यास. तीही फसवणूकच, ताई. मला चांगली बहीण होती आणि तिनं ती मला मिळू दिली नाही.

तू लहानपणापासून आतल्या गाठीची. माझी फुटलेली पाटी तू स्वतःच्या दप्तरात घातली होतीस, आणि मार खाल्ला होतास. मला वाटलं होतं माझी पाटी कुणी चोरली.

फॉर्मचं काय करायचं ते ठरवते.

धाकटी


२९ मार्च

ताई,

दुसरा फॉर्म दिला. निष्काळजीपणाचा फाडून टाकला.

सचिवांनी दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. म्हणाले, "बाई, दीड वर्ष राहिलंय तुमचं. खुलासा मागावा लागेल." मी म्हटलं, मागा, लिहायची सवय आहे. वही त्यांच्यासमोर एकेक खूण वाचून दाखवली. शुद्धिपत्र काल खंडाला जोडलं गेलं, शिक्क्यासकट. दोन्ही वह्याही लगद्यातून वाचल्या, पुरावा म्हणून कपाटात गेल्या. पुस्तिकेतला मजकूरही दिला. अर्थ लिहिला, उगम निश्चित नाही असं लिहिलं, मास्तरांच्या हातचा पहिला कंस कुठल्या सभेत आहे ते लिहिलं. खाली एक ओळ घातली: हा शब्द लिहिण्याआधी शेजारणीच्या पानाकडे पाहू नये. सचिव ती ठेवतात की काढतात, बघू.

संध्याकाळी शिक्क्याची प्रत घरी नेली. बाबा तो शर्ट घालून बसले होते. गुरुजी पण आले होते, त्यांना मी चहा देऊन वाटेला लावलं. बाबांनी भिंग लावून एकेक अक्षर वाचलं. साहेबांच्या वाक्यावरून दोनदा बोट फिरवलं. मग खाली कारणाच्या रकान्यात आले, तुझं नाव, माझी चूक, सगळं. मी पाटी मांडीवर धरून बसले होते. वाटलं, आता उठून जातील. नाहीतर विचारतील, तुम्ही दोघींनी मला इतकी वर्षं अर्ज का लिहू दिले?

त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "थोरलीला म्हणावं, ये आता."

मी मान हलवली. मग त्यांनी पुन्हा कागदाकडे बघितलं. भिंग 'वर पाहिल्याने' या शब्दांवर ठेवलं.

"वर काय बघत होतीस गं?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती चौकशी होती, शाळेत गुण कमी पडले की करायचे तशी. इस्त्रीच्या बाहीतून तोच हात बाहेर आलेला, गुडघ्यावर ठेवलेला. मी खडू घेतला. 'तु' एवढं लिहिलं. 'तुम्हाला' व्हायला दोनच अक्षरं हवी होती. मग त्यांनी ती भिंगातून वाचली असती.

मी तळहातानं पाटी पुसली आणि लिहिलं: घड्याळ.

गॅलरीच्या कठड्याखाली घड्याळ आहेच, खोटं कुणाला दिसणार नाही. ते हसले. म्हणाले, "घड्याळ बघायची वाईट खोड तुझी. आईसुद्धा म्हणायची." मग कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि बागेत फिरून येतो म्हणाले. मी खिडकीतून समोरच्या बागेकडे बघत होते. बराच वेळ उभे होते. मग बाकावर बसले.

तुला मी माफ केलंय की नाही ते मला अजून कळत नाही, उगाच तसं लिहीत नाही. बाबांचा निरोप मात्र लिहिलाय, तो खोडलेला नाही. आणि एक विचारायचंय. ती रेघ मारताना तुला किती वेळ लागला होता? मला पाटी पुसायला एक श्वाससुद्धा लागला नाही.

तुझी
धाकटी